रिकाम्या गावातले ठोके

दत्ताराम चिंदरकर आंघोळीहून आले तेव्हा त्यांच्या केळ्याची नाडी चौसष्ट होती.

झालं होतं इतकंच की न्हाणीत जाताना मनगटावरचं घड्याळ त्यांनी पडवीत टांगलेल्या घडातल्या एका केळ्याला अडकवलं होतं. परत येऊन बघतात तर घड्याळाच्या पाठचा हिरवा दिवा सालीवर लुकलुकत होता, काचेवर ठोक्यांचा आकडा होता आणि खाली बारीक अक्षरांत शेरा होता, 'विश्रांती उत्तम'. दत्ताराम ओल्या पंच्यानिशी तिथेच उभे राहिले. हे घड्याळ बांधल्यापासून त्यांना स्वतःला असा शेरा एकदाही मिळाला नव्हता.

घड्याळ मुलाने पाठवलेलं. गणपतीत आरतीला टाळ वाजवता वाजवता दत्तारामांना गरगरलं, आणि सणाला आलेली सून प्राजक्ता त्यांना मालवणला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, ती उलटसुलट बघितली आणि मधूनच एखादा ठोका चुकतो, गोळी घ्या, घाबरू नका, असं सांगितलं. दत्ताराम घाबरले नव्हतेच. त्यांची हयात एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून गेलेली. "एखादी फेरी रद्द झाली म्हणून कोणी आगार बंद करत नाही, डॉक्टर," ते कचेरीतल्या मराठीत म्हणाले.

डॉक्टरही गप्पिष्ट निघाले. बसल्या जागी साठ ते शंभर ठोके ठीक, चढावर वाढणार, भांडणात वाढणार, आनंदातही वाढणार. वाढू देत, पण थोड्या वेळाने आपले आपण खाली आले पाहिजेत. जे काळीज कशानेच हलत नाही त्याची मला जास्त काळजी वाटते, असं ते म्हणाले. सोबत आलेल्या दत्तारामांच्या पत्नीला, विमलाबाईंना, त्यांनी नाडी बघायलाही शिकवलं. दोन बोटं ठेवायची, अंगठा ठेवायचा नाही, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते आणि आपलेच ठोके दुसऱ्याच्या नावावर जमा होतात. हे सगळं चालू असताना मुलगा कौस्तुभ पुण्याहून फोनवर ऐकत होता. त्याच्या कानात त्यातले दोनच शब्द शिरले, 'लक्ष ठेवा'.

कौस्तुभने लक्ष ठेवण्यासाठी सवलतीत तीन घड्याळं घेतली. एक बाबांना, एक प्राजक्ताला, एक स्वतःला. प्रत्येकाचा आकडा बाकीच्यांच्या फोनवर दिसे, त्यामुळे कुटुंबात आता कोणाचं काळीज कोणापासून लपलेलं नव्हतं. बाबांचा आकडा शंभराच्या वर गेला की कौस्तुभचा फोन थरथरायचा. त्याचा स्वतःचा आकडा खुर्चीत बसल्या बसल्याच शंभराला टेकलेला असे, पण ती सूचना त्याने बंद केली होती. मीटिंगमध्ये सारखी वाजायची.

"बाबा, काय करतात?" तो विचारी.

"लाकडां फोडतंय."

"फोडू नकात."

"मगे न्हाणीचा पाणी कशान तापवू? तुज्या फोनान?"

यात आकडा आणखी वर जाई आणि कौस्तुभचा फोन दुसऱ्यांदा थरथरे. शेजारच्या धोंडूशी कुंपणावरून बोलाचाली झाली, फोन. विहिरीची पायरी चढले, फोन. पुढे पुढे तर फोन वाजला की त्या आवाजानेच आकडा चढू लागला, आणि आकडा चढला म्हणून फोन वाजू लागला. शेवटी दिवाळीत कौस्तुभने निर्वाणीचं सांगितलं. आता पुन्हा शंभर ओलांडले तर तो येऊन दोघांनाही पुण्याला घेऊन जाणार.

दत्तारामांनी पुण्याचा फ्लॅट बघितला होता. अकरावा मजला. खिडकीतून खाली माणसं दिसत, पण कोण कोणाचा ते ओळखू येत नसे. दत्तारामांना माडबांधच्या रस्त्यावरचं माणूस चालण्यावरून कळायचं, सायकल असली तर घंटीवरून. ते गाव सोडून त्या खिडकीत बसायचं या कल्पनेनेच त्यांचे ठोके नव्वदवर जात.

म्हणून केळं. त्या दिवसापासून लाकडं फोडायची झाली, भांडायचं झालं, की ते घड्याळ घडाला बांधून जात. पुण्यात कौस्तुभ प्राजक्ताला कौतुकाने सांगे की बाबांनी चांगलंच मनावर घेतलंय.

अशात देवाचा कौल झाला आणि गावपळण ठरली.

आचऱ्याच्या पलीकडे असलेल्या माडबांधमध्ये काही वर्षांनी एकदा गाव रिकामं होतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी चार रात्री वेशीबाहेर राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचं. आत श्वास घेणारं काही उरता कामा नये, आणि मध्येच कोणी आत पाऊल टाकता कामा नये. पळण मोडली तर पुन्हा पहिल्यापासून. खाडीच्या काठी माडाच्या झापांच्या झोपड्या उभ्या राहतात, भाऊबंदकीतले भाऊ एका चुलीवर मासे भाजतात, आणि एरवी एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या बायका एका फुगडीत फिरतात. देवाने माणसांना घरातून हाकलून एकत्र बसवण्याची ही युक्ती असावी असं दत्तारामांचं मत होतं.

पण ट्रंक, गोणी, कोंबड्यांची डालगी आणि एक हट्टी पाडी घेऊन वरचा कातळाचा सडा ओलांडायचा म्हणजे आकडा कुठल्या कुठे जाणार. निघायच्या सकाळी त्यांनी घड्याळ केळ्याला नीट बांधलं, त्याला मनातल्या मनात नमस्कार केला, आणि विमलाबाईंच्या आधी पाडीला ओढत बाहेर पडले.

एका गोष्टीचा त्यांनी विचार केला नव्हता. आठवडाभर चार्जिंग टिकणाऱ्या त्या घड्याळात सिम होतं, आणि ते काळजासोबत ठिकाणही सांगत होतं.

खाडीकाठी रेंज नव्हती. रेंजसाठी धोंडू दुपारी सड्यावर चढून क्रिकेटचा सामना बघत असे. दुसऱ्या दिवशी सामना ऐन रंगात असताना कौस्तुभचा फोन आला. बाबांचा फोन लागत नाही, आणि घड्याळ सांगतं की ते कालपासून माडबांधच्या घरात आहेत. नाडी चौसष्ट, पावलं शून्य. गाव रिकामं आहे ना? मग बाबा घरात एकटे कसे? पडले का? धोंडूकाकांनी बघून ताबडतोब सांगावं. धोंडू "सांगतंय" म्हणाला, फोनने मान टाकली, आणि तो सड्यावरून ओरडतच खाली आला.

"दत्तारामभाऊ गावातच रवले!"

"काय झाला रे?" दत्ताराम म्हणाले. ते चुलीपुढे बसून बांगडा उलटत होते.

धोंडूने त्यांच्याकडे बघितलं, मग गावाच्या दिशेने बघितलं. "तुमी हंय आसात," तो सावकाश म्हणाला. "मगे तुमच्या घरात कोणाची नाडी चलता?"

बातमी झोपड्याझोपड्यांतून फिरली आणि पळणीचा मान असलेले बाबली गावकर काठी टेकत आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रिकाम्या गावात ठोके पडतायत, म्हणजे आत जीव राहिला. आत जाऊन बघावं तर बघणाराच पळण मोडणार. कोणी चोर म्हणालं. एका म्हातारीने रात्री गावाची राखण करत फिरणाऱ्या देवचाराचं नाव काढलं.

"देवचाराची चौसष्ट कशी असतली?" बाबली म्हणाले. "तो रातभर चलता."

दत्ताराम म्हणाले, घड्याळ बिघडलं असेल. कौस्तुभला कळवायला हवं होतं, पण धोंडूचा फोन मेला होता, अंधार पडत आला होता आणि आता सड्यावर कोणाला चढू देणार नाही असं बाबलींनी सांगितलं. सकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर पळण मोडली असं धरायचं. म्हणजे आणखी चार रात्री. कोणाचं तान्हं मूल खोकत होतं, कोणाचे तांदूळ संपत आले होते. बांगडा कोणाला गोड लागला नाही.

दत्ताराम त्या रात्री कूस बदलत राहिले. खरं सांगितलं तर मुलाला कळणार, आणि पुणे. नाही सांगितलं तर अख्ख्या गावाला शिक्षा. तीस वर्षं त्यांनी स्थानकावर उभं राहून गाडी का आली नाही ते लोकांना सांगितलं होतं, आणि खरं कारण कधी लपवलं नव्हतं. आता गाडी त्यांचीच होती.

सकाळी सगळे पेज घेऊन बसले तेव्हा ते उभे राहिले.

"गावकरांनू, थंय कोण नाय. घड्याळ माजा. तां मी केळ्याक बांधलंय."

सगळं सांगून झालं. पेजेचे चमचे थांबले. विमलाबाई वाढता वाढता थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "खंयच्या केळ्याक?"

"पडवीतल्या. घडाच्या."

"तो घड मी पाटयेतसून हंय हाडलंय. काल न्हेरीक दोन खाल्लात त्यातली."

दत्तारामांना आपण आपलीच नाडी खाल्ल्यासारखं वाटलं. धोंडू आधी उभा राहिला, मग दोन पावलं मागे सरला. केळं इथे, दत्ताराम इथे, आणि तिथे घरात ठोके चालू.

"मगे घड्याळ खंय आसा?" बाबलींनी विचारलं.

विमलाबाईंनी पदर सावरला. "तवशाक बांधलंय," त्या म्हणाल्या, म्हणजे पावसाळ्यातल्या मोठ्या काकडीला. "माळ्याखाली टांगलेल्या."

"तू?" दत्ताराम म्हणाले. "तुका म्हायत होता?"

"रोज लाकडां फोडूक जाताना घोव केळ्याक घड्याळ बांधता, तां माका दिसाचा नाय? केळां तीन दिवसांत पिकान काळा पडला असता. मगे ठोक्यांचा काय झाला असता देवाक म्हायत. झील घाबरलो असतो. तवसां सा म्हयने टिकता."

मग झोपडीत चर्चा सुरू झाली, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तवशाला जीव असतो की नाही? माती, पाणी मिळालं तर बी उगवतं, म्हणजे जीव आहे, असं एक म्हणे. मग घरोघरच्या कणगीतल्या भाताचं काय, असं दुसरा म्हणे. बाबली गावकरांनी डोळे मिटून सगळ्यांना बोलू दिलं.

"वेलीवरसून काढलेला तवसां म्हंजे भाजी," त्यांनी निकाल दिला. "भाजयेन श्वास घेतलेलो माज्या आज्यान बघूक नाय, मी बघूक नाय. पळण मोडली नाय. कंपनी काय म्हणता तां कंपनी बघीत." मग ते दत्तारामांकडे वळले. "पण ह्यां तुज्या झिलाक कोण सांगतलो?"

दत्ताराम स्वतःचा फोन घेऊन सड्यावर चढले. पहिल्याच घंटीला प्राजक्ताने उचलला. "बाबा! उठू नका, हलू नका, आम्ही नांदगावला पोचलो, रात्रीच निघालोय, सरळ घरीच येतोय," ती एका दमात म्हणाली, आणि रेंज गेली. पुन्हा लागेना.

सरळ घरी म्हणजे वेशीच्या आत. तवशाने न मोडलेली पळण आता त्यांचा स्वतःचा मुलगा मोडणार होता. दत्ताराम सड्यावरून निघाले ते चालत निघाले, पण थोड्या वेळाने बघणाऱ्यांना ते पळतायत असं वाटलं. मागून विमलाबाई, त्यांच्या मागून काठी टेकत बाबली, आणि बाबलींच्या मागून, यात आपलीही जबाबदारी आहे असं वाटून, धोंडू.

वेशीवरच्या पाषाणापाशी दत्ताराम पोचले तेव्हा गाडी वळणावर दिसत होती. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. तीस वर्षं गाड्या थांबवलेला हात होता तो. गाडी थांबली.

कौस्तुभ उतरला. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण एक घर चुकलेलं. त्याने बाबांकडे बघितलं, मग हातातल्या फोनकडे बघितलं. तिथे बाबा अजून घरातच होते. त्याने वडलांचं मनगट धरलं, अंगठा दाबला आणि स्वतःच्या घड्याळातल्या सेकंदांवर ओठ हलवत मोजू लागला. मोजता मोजता त्याचा चेहरा पांढरा पडला.

"एकशे अडतीस," तो म्हणाला. "प्राजक्ता, गाडी वळव. मालवणला जायचंय."

तेवढ्यात विमलाबाई धापा टाकत पोचल्या. त्यांनी दोघांच्या हातांकडे बघितलं.

"आंगठो काढ," त्या म्हणाल्या.

"आई, आता मधी बोलू नको."

"आंगठो काढ रे, बाबू. ते ठोके तुजे."

कौस्तुभने अंगठा काढला. विमलाबाईंनी एका हाताची दोन बोटं नवऱ्याच्या मनगटावर ठेवली आणि दुसऱ्या हाताची मुलाच्या, आणि रस्त्यात उभ्या राहून डोळे मिटले. गाडीचं इंजिन चालू होतं ते प्राजक्ताने बंद केलं.

"हेंचे चलान वाढले, ते उतरतत," त्या म्हणाल्या. "तुजे उतरनत नाय." मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, "कालपासून जेवलंस?"

कौस्तुभ वेशीच्या बाहेरच्या बाजूला एका चिऱ्यावर बसला. दत्ताराम त्याच्यासमोर उभे राहिले. चोरून केळ्याला, मग तवशाला, सगळं त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. आज दुसऱ्यांदा सांगत होते, पण गावासमोर सांगणं यापेक्षा सोपं गेलं होतं.

"म्हंजे घरात तवसां आसा," कौस्तुभ म्हणाला.

"होय."

"घाटात रेंज गेली," प्राजक्ता गाडीपाशी उभी राहून म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही पुसायचे होते. "तेव्हा यांनी गाडी बाजूला घेतली. आकडा परत दिसेपर्यंत पुढे जाईचनात. दिसला तेव्हा फोनला म्हणाले, 'चौसष्टच रवा, बाबा, मी येतंय.'"

दत्तारामांनी दुसरीकडे बघितलं. धोंडूनेही शहाण्यासारखं दुसरीकडे बघितलं.

"मी पुण्याक येतंय," दत्ताराम म्हणाले. "पळण झाली की सामान बांधतंय. तुका असो तरास दिवन हंय रवाचा नाय माका."

कौस्तुभ म्हणाला, भूक लागली आहे.

कौस्तुभ आणि प्राजक्ता पळण संपेपर्यंत खाडीकाठी राहिली. फोन लागत नव्हते, त्यामुळे ऑफिसला काय झालं ते ऑफिसलाच माहीत. प्राजक्ता फुगडीत पहिल्या फेरीला पडली आणि दुसऱ्या फेरीला तिने धोंडूच्या बायकोला पाडलं. कौस्तुभ पहिल्या दिवशी वडलांच्या शेजारी बसून सारखा त्यांच्या मनगटाकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्यासोबत जाळं घेऊन पाण्यात उतरला, भरपूर आरडाओरडा करून दोन मासे पकडले, आणि दुपारी झापाच्या सावलीत आडवा झाला तो दिवेलागणीपर्यंत उठलाच नाही. विमलाबाईंनी झोपेतच त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. मग दत्तारामांना हाताने खूण करून जवळ बोलावलं आणि त्यांचीही बोटं तिथे ठेवली.

"उतरले," त्या हळूच म्हणाल्या.

कौल मिळाला, गाव घरी परतलं. माळ्याखाली तवसं होतं तसं टांगलेलं होतं, घड्याळाचा हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि काचेवर अभिनंदनाचा संदेश आला होता. या आठवड्यात त्याचं काळीज त्याच्या वयाच्या माणसांत सर्वोत्तम ठरलं होतं. विमलाबाईंनी घड्याळ सोडून बाजूला ठेवलं आणि तवसं किसायला घेतलं. जाताना मुलांबरोबर तवशाचं गोड धोंडास भाजून द्यायचं होतं.

दत्तारामांनी ट्रंक भरून पडवीत आणून ठेवली. कौस्तुभने ती उचलून आत नेऊन ठेवली. सूचना बंद केली आहे, तो म्हणाला. रविवारी आईने दोन बोटांनी मोजून फोनवर सांगायचं, आणि गोळी चुकवायची नाही.

"आनी पुण्याक?" दत्तारामांनी विचारलं.

"पुढच्या गणपतीनंतर बघूया."

चिंदरकरांच्या घरात 'बघूया' म्हटलेलं काम आजवर कधी झालेलं नव्हतं. दत्ताराम लाकडं फोडायला परसात गेले.

निघताना कौस्तुभ चुलीपाशी घुटमळला. घामेजलेल्या मनगटावरचं घड्याळ त्याने वर सरकवलं, खाली सरकवलं. पुण्यातून सहा मीटिंगचे निरोप येऊन पडले होते, आणि आकडा पुन्हा चढायला लागला होता.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "आणखी एक तवसां आसा?"

"धोंडास पिशयेत घातलंय मा."

"धोंडासाक नको. ऑफिसात ठेवूक होयां."

प्राजक्ता तिथेच दाराशी पिशव्या बांधत होती. तिने वळूनही बघितलं नाही.

"दोन घे," ती म्हणाली.